हॅमिल्टनमध्ये वायकाटो नदीत गणपती विसर्जन चालतं का? विचारायचं कुणाला, सिटी कौन्सिलला की रिजनल कौन्सिलला?

नवा_किरिकिरिरोआकर

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला येऊन, मूळचा सांगलीचा. यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घरात गणपती बसवतोय आणि आमच्या ओळखीतली पस्तीसेक घरं मिळून एकत्र विसर्जन करायचं ठरतंय. बाबा तीन महिन्यांसाठी आलेत, ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, सगळा जन्म कृष्णेच्या काठी गेलाय त्यामुळे त्यांचं एकच म्हणणं की विसर्जन वाहत्या पाण्यातच व्हायला पाहिजे, आणि घरापासून वीस मिनिटांवर एवढी मोठी नदी असताना बादलीत कसलं विसर्जन करता.

माझी अडचण अशी की मला इथलं काहीच नीट माहिती नाही. घर घेतल्यावर दोन वेगवेगळी रेट्सची (म्हणजे घरपट्टीची) बिलं आली, एक सिटी कौन्सिलचं आणि एक वायकाटो रिजनल कौन्सिलचं. दुसरं बघून मला आधी वाटलं चुकून आलंय. नदी नक्की कुणाच्या ताब्यात? परवानगी लागते का? लागत असेल तर कुणाकडे अर्ज करायचा? आणि आधी कुणी केलंय का, करून काय अनुभव आला?

अजून एक गोष्ट सांगतो म्हणजे मी का विचारतोय ते कळेल. मागच्या उन्हाळ्यात डेकला रंग दिला आणि ब्रश, ट्रे सगळं ड्राइव्हवेवरच्या जाळीपाशी धुतलं. पांढरट पाणी जाळीतून खाली गेलं. शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले, ओरडले वगैरे नाहीत, फक्त जाळीशेजारी कोरलेला मासा बोटाने दाखवला आणि म्हणाले हे पाणी कुठेही साफ होत नाही, थेट मागच्या ओढ्यात जातं. मागे खरंच ओढा आहे, त्यात वाम मासे आहेत, माझी मुलगी त्यांना बघायला जाते. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून आता पस्तीस मूर्त्या नदीत सोडायच्या आधी विचारतोय.

बिनधास्त_ऑकलंड

एवढं काय टेन्शन घेता भाऊ. शाडूची मूर्ती म्हणजे माती, मातीत माती मिसळली तर काय बिघडलं. संध्याकाळी शांतपणे जा, आरती करा, सोडा आणि या. पर्मिशनच्या मागे लागलात तर पुढच्या वर्षीपर्यंत उत्तर येणार नाही.

प्लॅनिंगवाला

ऑकलंडकर दादा, मुद्दा कळला पण हा सल्ला नका देऊ, खरंच नका देऊ. माझं रोजचं कामच कन्सेंटचं, म्हणजे अशा परवानग्यांचं आहे (सरकारी नोकरी नाही, खासगी कन्सल्टन्सीत आहे) त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन बिलांचं. न्यूझीलंडमध्ये १९८९ साली स्थानिक कारभाराची फेररचना झाली तेव्हा रिजनल कौन्सिल आल्या, आज त्या ११ आहेत. त्यांच्या हद्दी आखताना मुख्यतः नद्यांची पाणलोट क्षेत्रं धरली, म्हणजे डोंगरावर पडलेलं पाणी जिथपर्यंत वाहत जातं तो सगळा मुलूख शक्यतो एका कौन्सिलकडे. यामागचा विचार मला फार आवडतो. वरच्या गावाने घाण करायची आणि खालच्या गावाने प्यायची, मग एकमेकांकडे बोट दाखवायचं, हे आपण घरी किती वर्षं बघतोय.

तर सिटी कौन्सिल म्हणजे घरापर्यंतचं सगळं, नळ, गटार, कचरा, गल्लीतले रस्ते, बागा, लायब्ररी. रिजनल कौन्सिल म्हणजे नद्या, तळी, भूजल, किनारा, हवा, माती, पूरनियंत्रण, उपद्रवी झाडं आणि प्राणी, आणि तुमच्याकडे बससुद्धा. हॅमिल्टनची बसइट रिजनल कौन्सिलचीच. २०२१ पासून ऑकलंडला जाणारी ते हुइया ट्रेन, त्यातही त्यांचाच पुढाकार. ऑकलंडकरांना हे पटकन कळत नाही कारण तिथे युनिटरी कौन्सिल आहे, दोन्ही कामं एकाच ऑफिसकडे.

आता मूळ प्रश्न. १९९१ चा रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्ट आहे, त्याच्या कलम १५ चा अर्थ सोप्या भाषेत असा की पाण्यात कुठलाही दूषित पदार्थ सोडायचा असेल तर तो नियमात किंवा रिजनल प्लॅनमध्ये स्पष्ट चालतो असं लिहिलेलं हवं, नाहीतर तुमच्याकडे कन्सेंट हवी. नाही म्हटलेलं नाही म्हणून चालतं, असं इथे नाही, बरोबर उलटं आहे. आणि दूषित पदार्थाची व्याख्या इतकी रुंद आहे की पाण्याची भौतिक, रासायनिक किंवा जैविक अवस्था बदलणारं काहीही त्यात बसतं. गढूळपणा त्यात येतो. म्हणजे 'माती आहे हो' हे उत्तर पुरत नाही, उलट वायकाटोच्या खालच्या पट्ट्यात गाळ हेच मोठं दुखणं आहे. टाउपो तळ्यातून बाहेर पडताना पाणी काचेसारखं असतं, हुका फॉल्सला निळंशार दिसतं, आणि समुद्रापर्यंत जाता जाता चहासारखं होतं. एक मूर्ती म्हणजे काहीच नाही हे खरं. पण प्रत्येक शेतकरी, प्रत्येक बिल्डर, प्रत्येक घरवाला हेच म्हणतो आणि नदी तेवढ्यानेच भरते.

त्याच कायद्यात कलम १७ आहे, त्याच्याबद्दल लोक बोलत नाहीत. आपल्या कृतीमुळे पर्यावरणावर वाईट परिणाम होत असेल तर तो टाळणं, निस्तरणं किंवा कमी करणं हे प्रत्येक माणसाचं कर्तव्य आहे. नुसत्या कंपन्यांचं नाही, प्रत्येक माणसाचं. म्हणजे तुमचं रेट्सचं बिल भरलं की संपलं असं नाही, तुमच्या ड्राइव्हवेवरची जाळीसुद्धा त्यात आली. तुमच्या शेजारच्या आजोबांनी कलम १७ च सांगितलं तुम्हाला.

तेव्हा विचारायचं रिजनल कौन्सिलला. पण त्याच्याही आधी विचारायची माणसं आहेत, ते इथल्या कुणी जुन्या जाणत्याने सांगितलेलं बरं.

काकू_१९_वर्षं

मला वाटतं मलाच लिहायला पाहिजे. थोडं लांबेल.

आम्ही आलो तेव्हा इथे मोजकी आठ दहा मराठी घरं होती. पहिल्या वर्षी आम्ही गाड्या काढून पार खाली नदीच्या मुखाकडे गेलो, वाटलं शहरातल्या लोकांना त्रास नको. मूर्ती छोटीच होती, पण हार होते, त्यात प्लास्टिकच्या जरीचे गोंडे, मखराचा थर्माकोल, निर्माल्याची पिशवी, सगळं गेलं पाण्यात. ढोलकी होती, मुलं नाचत होती, फार आनंद झाला होता सगळ्यांना.

जरा पुढे एक वयस्कर माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी बाई व्हाइटबेटचं जाळं लावून बसल्या होत्या. व्हाइटबेट म्हणजे बोटाएवढी पारदर्शक पिल्लं, समुद्रातून नदीत वर येतात, आणि त्यांचा हंगाम नेमका आपल्या गणपतीच्या दिवसांतच असतो. आम्ही परत निघालो तेव्हा त्यांच्या जाळ्यात आमच्या हाराची लडी अडकली होती. त्या एकेक धागा सोडवत होत्या. त्यात पिल्लं गुंतलेली. मी धावत गेले, माफी मागितली, त्यांनी मला शेजारी बसवलं आणि दोघी मिळून आम्ही तो गुंता सोडवला, चांगला अर्धा तास लागला असेल. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय करत होता? मी सांगितलं, देवाला निरोप देत होतो. त्यांना ते लगेच कळलं. म्हणाल्या देवाला निरोप द्यायचा तर घरच्या माणसांना आधी सांगायला नको का, ही आमची पूर्वज आहे.

हे त्या अलंकाराने बोलत नव्हत्या. वायकाटो-तैनुई या माओरी जमातीच्या लोकांसाठी नदी म्हणजे 'तुपुना आवा', पूर्वज नदी. 'वायकाटो तानिफारौ, हे पिको हे तानिफा', प्रत्येक वळणावर एक तानिफा असतो असं म्हणतात, म्हणजे नदीतला रक्षक आणि त्या त्या वळणावरचा सरदारसुद्धा. १८६० च्या दशकात युद्ध करून त्यांची जमीन सरकारने घेतली, नदीही गेली. मग दीडशे वर्षांनी, २०१० ला नदीपुरता समझोता कायदा झाला, त्यातून वायकाटो रिव्हर ऑथॉरिटी आली, दहा सदस्य, पाच ईवींचे म्हणजे जमातींचे आणि पाच सरकारचे. 'ते तुरे व्हाइमाना' नावाचा नदीचा जाहीरनामा त्या कायद्यातच आहे आणि रिजनल कौन्सिलला आपले प्लॅन त्याला धरून करावे लागतात. आपल्याला वाटतं नदीचं ऑफिस म्हणजे कौन्सिल, पण इथे कौन्सिलच्याही वर नदीचं स्वतःचं म्हणणं कागदावर आहे.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं तिघं जण मराएवर, म्हणजे माओरी लोकांच्या सभेच्या जागी गेलो, आधी निरोप देऊन, उकडीचे मोदक घेऊन. लगेच हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. विचारत राहिले. मूर्ती कशाची? रंग कसला? पाण्यात गेल्यावर त्याचं काय होतं? तो देव मातीचा करता तर मग परत मातीत का देत नाही? हा शेवटचा प्रश्न मी घरी घेऊन आले. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या, त्या म्हणाल्या खरंय की, आमच्या गावी विहिरीचं पाणी आटलेलं असायचं तेव्हा आम्ही घंगाळात विसर्जन करून तुळशीला घालायचो.

तेव्हापासून आम्ही मूर्ती इथल्याच पॉटरी क्लेची करतो. क्राफ्टच्या दुकानात दहा किलोची पाकिटं मिळतात. साधा क्ले घ्या, 'एअर ड्राय' लिहिलेला घेऊ नका, त्यात बऱ्याचदा कागदाचे किंवा नायलॉनचे तंतू असतात. रंगाला गेरू आणि हळद. आणि एक गोष्ट हात पोळल्यावर शिकलो, मूर्ती अगदी खडखडीत वाळू द्या. लोकांना वाटतं ओली असेल तर लवकर विरघळेल, तसं नाही, ओलसर मातीचा गोळाच राहतो, आणि वाळलेली मूर्ती पाण्यात ठेवली की सुसू आवाज करत बुडबुडे येतात आणि बघता बघता खाली बसते. मुलं तो आवाज ऐकायला बादलीला कान लावतात. मग ते पाणी आम्ही गलीत लावलेल्या हाराकेकेच्या (इथल्या फ्लॅक्सच्या झुडपाच्या) बुंध्याशी घालतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हॅमिल्टनमधून नदीकडे जाणाऱ्या ज्या झाडीच्या घळी आहेत त्यांना इथे गली म्हणतात, त्यात अजून लांब शेपटीची वटवाघळं राहतात, शहराच्या मधोमध.

अस्थींचं पण सांगून ठेवते कारण प्रश्न येतोच. माणसाच्या अस्थी पाण्यात सोडणं माओरी रीतीत बसत नाही, ज्या पाण्यातून अन्न घेतो त्यात मृत्यूचं काही मिसळायचं नसतं. दुःखाच्या वेळी कुणाला दुखवायची इच्छा नसते आपली, पण नकळत होतं. कृपया आधी विचारा.

पाणवठा

काकू तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. एक भर घालतो, हॅमिल्टनवाल्यांसाठी महत्त्वाची.

आपल्याकडे विसर्जनानंतर पाटावरून नदीची मूठभर वाळू किंवा माती घरी आणतात ना, घरात ठेवायला, धान्याच्या डब्यात टाकायला. वायकाटो नदीतून ते आता अजिबात करू नका. मे २०२३ मध्ये करापिरो तळ्याजवळ बॉब्स लँडिंगला गोल्ड क्लॅम सापडला, कॉर्बिक्युला, दोन तीन सेंटिमीटरचा पिवळसर शिंपला. न्यूझीलंडमध्ये तो पहिल्यांदाच. तो एकटाच पिल्लं घालू शकतो, नर मादी लागत नाही, दिवसाला ४०० पर्यंत आणि वर्षाला ७०,००० पर्यंत. पिल्लं वाळूच्या कणाएवढी, मुठीतल्या मातीत दिसणारही नाहीत. मग तो पाट कुणीतरी दुसऱ्या ओढ्यावर धुतला की तिकडे गेला. पाण्याच्या पाइपात, जाळ्यांत चिकटून बसतो आणि एकदा पसरला की काढायचा उपाय नाही.

हॅमिल्टनच्या नळाला याच नदीचं पाणी येतं. २००२ पासून तुआकाऊजवळून ऑकलंडलाही जातं, म्हणजे बिनधास्त दादा तुमच्या चहातही आहे ती. वर धरणांवर नऊ वीजकेंद्रं आहेत तीही याच पाण्यावर.

म्हणून जो कुणी नदीत पाय जरी घालेल, कयाक नेईल, मुलांना पोहायला नेईल त्याने चेक, क्लीन, ड्राय. चिखल आणि शेवाळ तिथेच काढायचं, धुवायचं, आणि हाताला कोरडं लागल्यावर पुढे अजून ४८ तास वाळू द्यायचं. कोरडं लागलं की झालं असं नाही, त्याच्यापुढे दोन दिवस. चप्पल, टॉवेल, बादली, पाट, सगळं. हे कौन्सिलचे चार इन्स्पेक्टर करू शकत नाहीत. ४२५ किलोमीटरची नदी आहे, प्रत्येक उतारावर माणूस उभा करणार का? हे फक्त आपणच करू शकतो.

गोठ्यातला_मातामाता

शहरातली मंडळी बोलतायत म्हणून डेअरीवाल्याने पण दोन शब्द लिहावेत. मी सहा वर्षं दुधाच्या फार्मवर आहे, आधी मदतनीस होतो आता हर्ड मॅनेजर.

नदीचं नाव काढलं की लोक आम्हाला बोट दाखवतात आणि खोटं कशाला बोलू, नदीतला नायट्रोजन, शेणातले जंतू, गाळ, यात शेतीचा वाटा मोठा आहे. पण रिजनल कौन्सिल म्हणजे काय हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये कारण आमचा रोजचा दिवस त्यावर चालतो. कृत्रिम नायट्रोजन खत हेक्टरी वर्षाला १९० किलोच्या वर नाही, २०२१ पासून. दुभत्या गाई मीटरपेक्षा रुंद ओढ्यात उतरताच कामा नयेत, जुलै २०२३ पासून, म्हणून किलोमीटरच्या किलोमीटर कुंपण घातलंय. शेड धुतल्यावरचं शेणामुताचं पाणी तळ्यात साठवायचं आणि जमीन घेऊ शकेल तेवढंच शिंपडायचं. जमीन भिजलेली असेल तर थांबायचं. मी सकाळी मशीन चालू करायच्या आधी टाच जमिनीत रोवून बघतो, पाणी वर आलं तर त्या दिवशी शिंपडणं नाही. तळं काठोकाठ भरलेलं असलं तरी नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट, फार्म कुठलं ते सांगत नाही. रात्री फिरत्या नळीचा शिंपडा अडकला आणि एकाच जागी ओतत राहिला. पहाटे साडेचारला मी टॉर्च मारली तर हिरवं डबकं उताराने ओढ्याकडे निघालं होतं, कुंपणापासून वीस पावलांवर. पंप बंद केला, फावड्याने माती ओढून बांध घातला, हात थरथरत होते माझे. मालकाला उठवलं. मला वाटलं ओरडेल, लपव म्हणेल. त्याने आधी येऊन माझ्याबरोबर बांध पुरा केला आणि उजाडायच्या आत स्वतः रिजनल कौन्सिलच्या २४ तास हॉटलाइनला फोन लावला. स्वतःची तक्रार स्वतः केली. मला म्हणाला खाली तीन घरं बोअरचं पाणी पितात, त्यांना कळायला पाहिजे.

हे मी विसरू शकत नाही. माझ्या गावी साखर कारखान्याची मळी ओढ्यात यायची तेव्हा मेलेले मासे बघून आम्हाला कळायचं. कारखान्याने फोन केलाय असं कधी झालं नाही. लोक विचारतात रेट्स भरून काय मिळतं, मला वाटतं असा फोन लावला की पलीकडे रात्री साडेचारला कुणीतरी उचलतं हे मिळतं.

२०१६ ला इथे प्लॅन चेंज वन, म्हणजे रिजनल प्लॅनमधला बदल आणला, 'हेल्दी रिव्हर्स', सुमारे ११ लाख हेक्टरला लागू, नदी पोहण्याजोगी आणि मासे खाण्याजोगी करायला ८० वर्षं धरलीत. वादावादी खूप झाली, कोर्टात गेलं. आमच्यात काही जण म्हणतात ८० वर्षं म्हणजे थट्टा. मला तसं वाटत नाही. आज जमिनीत मुरलेला नायट्रोजन भूजलातून झऱ्याला यायलाच काही ठिकाणी कित्येक वर्षं लागतात. आज बरोबर वागलो तरी फळ नातवंडांना, आणि तरी वागायचं. आमचे आजोबा आंब्याची कलमं लावायचे ना, तसंच आहे.

वाऱ्याच्या_गावची (वेलिंग्टन)

गोठ्यातले दादा, नमस्कार घ्या.

मला एक वेगळीच काळजी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने प्रस्ताव मांडला की रिजनल कौन्सिलचे निवडून आलेले सभासदच काढून टाकायचे आणि त्या जागी त्या त्या भागातल्या महापौरांचं मंडळ बसवायचं. १९९१ चा कायदाही बदलायला घेतलाय. काही मुद्दे बरोबर आहेत, दोन दोन कौन्सिल, कागदपत्रं, वेळ, सगळं खरं. पण नदीच्या वतीने बोलायलाच म्हणून निवडून आलेलं माणूस आणि शहराचा महापौर यांच्यात फरक असतो असं मला मनापासून वाटतं. शहराला सांडपाणी सोडायचं असतं आणि नदीला ते नको असतं, मग एकच माणूस दोन्ही खुर्च्यांवर बसला तर नदीकडून कोण बोलणार?

आणि आपल्या लोकांना एक विचारायचंय. किती जणांनी ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत रिजनल कौन्सिलच्या मतपत्रिकेवर खूण केली? सिटिझन व्हायची वाट बघायची गरज नाहीये, रेसिडेंट असाल आणि इथे सलग वर्षभर राहिला असाल तर नाव नोंदवता येतं. पोस्टाने घरी येतं पाकीट. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरात ते फ्रिजवर मॅग्नेटखाली पडून राहिलं. दरवर्षीच्या प्लॅनवर सबमिशन पण कुणालाही देता येतं. मी एकदा दिलंय, पाच मिनिटं मिळतात, समोर सगळे बसलेले असतात, माझं इंग्रजी दोनदा अडखळलं पण त्यांनी ऐकून घेतलं, प्रश्न विचारले. आमच्या ओढ्यावरच्या झाडांसाठी गेले होते. पुढच्या हिवाळ्यात आमच्या भागात लागवड झाली, माझ्यामुळेच झाली असं म्हणत नाही पण मी बोलले होते हे मला माहितीये.

पुणेरी_रसायन

पीओपीची मूर्ती कुणी भारतातून आणली असेल तर नदीत तर नाहीच, बागेतही नको. पुण्यात एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) पद्धत काढलेली, अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती दोन दिवस ठेवायची, खाली खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बसतो आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, खत म्हणून चालतं. महापालिका तिकडे पावडर फुकट वाटते. पण इथे घरोघरी नायट्रोजनवालं पाणी तयार करून ओतू नका, वर दादांनी लिहिलंय तेच कारण. त्यापेक्षा मूर्ती जपून ठेवा आणि पूजेला छोटी मातीची करा. घरीही २०२५ ला कोर्टाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला लावल्या होत्या. येताना शाडूची मूर्ती आणत असाल तरी एअरपोर्टला डिक्लेअर करा, नाही केलं तर ४०० डॉलर दंड जागेवर.

बिनधास्त_ऑकलंड

सगळं वाचलं. शिंपल्याचं मला खरंच माहिती नव्हतं. माझा पहिला रिप्लाय चुकीचा होता, कुणी त्यावर जाऊ नका.

नवा_किरिकिरिरोआकर

मंडळी किती आभार मानू कळत नाही. काय झालं ते सांगतो.

काकूंचं लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले मला नदी दाखव. मी त्यांना शहरातून खाली रांगिरिरीच्या बाजूला घेऊन गेलो, तिकडे पुराचे बांध आहेत, १९५८ च्या मोठ्या पुरानंतर इथे पूरनियंत्रणाची योजना झाली ते मी वाचलं होतं. बाबा बांधावर चढले आणि एकदम खात्यात परत आल्यासारखे झाले. उताराचा कोन बघितला, बांधाच्या पायथ्याशी झाडं का नाहीत ते मला समजावलं, मुळं बांध पोखरतात, गवतच हवं, ते पण दाट. पंप कुठे असतील ते बोटाने दाखवलं. मग बराच वेळ नुसते उभे राहिले. म्हणाले २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा तुझ्या आईला होडीतून काढलं, तू तेव्हा तिथे नव्हतास. नदीला जागा दिली नाही की ती घेते. इथे तिला जागा ठेवलीय कुणीतरी.

मी विचारलं, मग विसर्जन? तर म्हणाले, ज्यांची नदी त्यांना विचारल्याशिवाय आपण पाण्यात काही टाकायचं नाही, मी तीस वर्षं लोकांना हेच सांगत होतो आणि इथे येऊन विसरलो.

तर ठरलं असं. यंदा सगळ्या घरांचं विसर्जन एकत्र, आमच्या मागच्या अंगणात, मोठ्या टबात. हार सगळे खऱ्या फुलांचे, दोरासकट सुती. फुलं कंपोस्टला. मातीचं पाणी काकूंच्या गलीत, त्या हो म्हणाल्यात. नदीवर आपण सगळे जाणार, पण रिकाम्या हाताने, फक्त आरती म्हणायला आणि नमस्कार करायला. त्यासाठी बाबा आणि मी काकूंबरोबर येत्या रविवारी मराएवर जाणार आहोत, मोदकांची उकड बाबा काढणार आहेत. रिजनल कौन्सिलला पण मेल लिहिलाय, काय करतोय ते कळवायला आणि लागवडीच्या दिवशी पस्तीस घरं कामाला येतील हे सांगायला.

आणि मुलीने ड्राइव्हवेवरच्या माशाला खडूने केशरी रंग दिलाय. मी धावत गेलो पुसायला, ती म्हणाली बाबा खडू आहे, पण पावसाच्या आधी आपण ओल्या फडक्याने पुसू आणि फडकं लॉनवर पिळू.

एक विचारायचं राहिलं, पस्तीस मूर्त्या मावतील असे दोन तीन टब लागतील, गुरांना पाणी पाजायचा जुना टब कुणाकडे आहे का? गोठ्यातले दादा?

गोठ्यातला_मातामाता

आहे, दोन आहेत. नीट घासून, धुऊन, वाळवून शनिवारी ट्रेलरवर घालून आणतो. धुणार आमच्या गवतावरच, काळजी नको. बाबांना सांगा मोदक राखून ठेवा, दूध काढून यायला मला साडेअकरा होतील.